डोंगरावरचे बिऱ्हाड

पुण्याच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकविणाऱ्या माझ्या मित्राचा दिवाळीनंतर फोन आला. त्याला सहकुटुंब नारायणगडाच्या परिसरात आठ दिवस राहावयाचे होते. बीडमधला लॉज नको होता, गडावरच्या गर्दीत उतरणेही नको होते. "डोंगरातल्या एखाद्या वस्तीवर स्वतंत्र घर मिळेल का? चूल नाहीतर गॅस असला म्हणजे पुरे. आमचे आम्ही रांधून खाऊ. भाडे म्हणशील ते देऊ," असे त्याचे म्हणणे. मागणी साधी होती. कोकणात किंवा महाबळेश्वराच्या उतारावर ती एका फोनवर पुरी झाली असती. मी त्याला सांगितले की या दिवसांत इकडे रिकामी घरे हवी तितकी आहेत, एकेका वस्तीत ओळीने कुलपे दिसतील. भाड्याने मात्र एकही मिळायचे नाही. त्याला ते उत्तर विनोदी वाटले. फोन ठेवल्यावर मलाच त्यातली विसंगती खुपू लागली. तिचा माग काढावा म्हणून हे लेखन.

प्रथम स्थळाविषयी. पश्चिम महाराष्ट्रात 'गड' म्हटले की तट, बुरूज आणि शिवकाल डोळ्यांपुढे येतो. बीडच्या परिसरात गड म्हणजे डोंगरमाथ्यावरचा मठ. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड ही नावे याच अर्थाची. नारायणगडाला भाविक धाकटी पंढरी म्हणतात; नगद नारायण महाराजांच्या नावाने हे संस्थान ओळखले जाते. रोख पैशाला आपण मराठीत थट्टेने 'नगदनारायण' म्हणतो, आणि भाड्याच्या घराविषयी लिहायला बसावे तर पहिलेच नाव हे यावे, हा योगायोग मला गमतीचा वाटला. याच गडावर माणिकबाबांच्या शिष्यत्वात भगवानबाबा घडले. पुढे ते येथून बाहेर पडले आणि त्यांनी धौम्यगडावर स्वतंत्र स्थान उभारले. तोच आजचा भगवानगड. १९५८ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अलीकडे, २०२४ च्या दसरा मेळाव्यापासून, नारायणगडाचे नाव वृत्तवाहिन्यांमुळे सर्वतोमुखी झाले आहे. पण तो विषय येथे नाही.

गडावर मुक्काम कसा होत असे? माझे आजोबा एकादशीला बैलगाडीने जात. गाडीत वैरणीच्या पेंढ्या, एक वळकटी, आणि धडप्यात बांधलेला शिधा: बाजरीचे पीठ, मुठीमुठीने डाळ, मिरची-मीठ, कांदे. उतरायचे ते मंदिराच्या ओवरीत किंवा झाडाखाली. तीन दगड मांडले की चूल झाली. आडोशाला जागा मिळे, पाणी मिळे, देवापुढे नारळ फुटे; जागेचे पैसे कोणी मागितल्याचे आजोबांच्या बोलण्यात कधी आले नाही. निघताना उरलेला शिधा कोठीत टाकायचा, एवढाच व्यवहार. जुन्या महाराष्ट्रातला प्रवासी साधारणपणे असाच राहिला. छप्पर दुसऱ्याचे आणि अन्न आपले. अहिल्याबाई होळकरांनी देशभर ज्या धर्मशाळा बांधल्या त्यांतही ही विभागणी गृहीत होती. बांधणाऱ्याने भिंती, छप्पर आणि विहीर द्यायची. चूल पेटवायची ती येणाऱ्याने.

या रीतीमागे केवळ काटकसर नव्हती, हे सांगितले पाहिजे. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे खायचे नाही, हा प्रश्न जेथे जगण्याच्या मुळाशी होता तेथे परक्याच्या स्वयंपाकघरात तयार झालेले अन्न विकत घेण्याची कल्पनाच रुजणे अवघड होते. शिधा कोरडा, म्हणून निर्दोष; शिजवले की प्रश्न सुरू. म्हणून आपल्याकडे खानावळीच्या आधी धर्मशाळा आली. आपल्या भाषेत त्यामुळे एक सुरेख शब्दही टिकला: बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे घर नव्हे, सामानही नव्हे. चुलीसकट हलविता येणारा संसार. तो विंचवाच्या पाठीवर असतो असे आपण म्हणतो. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत आणि चाळींत राहणाऱ्यांना 'बिऱ्हाडकरू' म्हणत, त्याचेही कारण हेच असावे की तेथे जो राहायला येई तो आपली चूल घेऊन येई.

भाड्याच्या डोंगरी घराचा इतिहास शोधायचा तर मात्र बालाघाट सोडून सह्याद्रीच्या माथ्यावर जावे लागते. महाबळेश्वराला दोन गावे आहेत याकडे पर्यटकाचे सहसा लक्ष जात नाही. एक क्षेत्र महाबळेश्वर, कृष्णेच्या उगमाचे, फार जुने. गुरू कन्या राशीत आला की दर बारा वर्षांनी तेथे कन्यागताचा मेळा भरतो. तेथे येणारा यात्रेकरू माझ्या आजोबांसारखाच, शिधा बांधून येणारा. दुसरे गाव बाजारपेठेचे, आज ज्याला आपण नुसते महाबळेश्वर म्हणतो ते. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ च्या सुमारास ते वसविले आणि त्याच्याच नावाने ते माल्कमपेठ झाले. जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची होती. १८२९ च्या तहाने ती इंग्रजांकडे गेली आणि बदल्यात महाराजांना खंडाळा हे गाव मिळाले. गावाच्या बदल्यात गाव, असा हा सौदा. आजारी गोऱ्या शिपायांना थंड हवा मिळावी हे मूळ निमित्त. थोड्याच वर्षांत दर उन्हाळ्यात मुंबई सरकारच डोंगरावर राहायला येऊ लागले, आणि सरकारच्या मागोमाग ज्यांना सरकारशी काम होते तेही आले.

या मंडळींसाठी जे बंगले उभे राहिले ते मालकांनी सबंध वर्ष वापरणे शक्यच नव्हते. महाबळेश्वरचा पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात. चार महिने भिंतींना गवताचे आवरण बांधून बंगला मिटून ठेवावा लागे. उरलेल्या दिवसांत त्याचा खर्च निघायचा तर तो कोणाला तरी द्यायला हवा. 'सीझन' हा शब्द मराठीत डोंगरावरून खाली आला तो या हिशेबातून. उन्हाळा आणि दिवाळीच्या आगेमागेचे दिवस, एवढ्या काळासाठी फर्निचरसकट बंगला भाड्याने. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वेगळे, मागच्या बाजूला; त्यात साहेबाचा स्वयंपाकी. म्हणजे अन्न येथेही ज्याचे त्याचेच होते, फक्त रांधणारे हात पगारी होते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानावर चढला आणि तेथेही हाच क्रम झाला. १९०७ मध्ये आदमजी पीरभाईंच्या कुटुंबाने छोटी रेल्वे वर नेली आणि मुंबईचे पारशी, बोहरा, भाटिया व्यापारी वर जाऊ लागले.

मराठी मध्यमवर्ग यात उशिरा आला, आणि आला तो आजारपणाचे बोट धरून. क्षयावर औषध नव्हते त्या काळात 'हवापालट' हेच औषध होते. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी आरोग्यधाम काढले ते १९१२ मध्ये. देवळाली, लोणावळा, माथेरान येथे निरनिराळ्या समाजांच्या धर्मादाय न्यासांनी सॅनेटोरियमे बांधली. हा शब्द मराठीत कसा वळला ते पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत तो रुग्णालयाच्या जवळचा. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला एका ओळीत बांधलेल्या दोन-दोन खोल्या, मागे मोरी आणि ओटा, नाममात्र भाडे, आणि 'स्टोव्ह व भांडी स्वतःची आणावीत' ही अट. आजारी कोणी असलाच पाहिजे असे नाही. एस.टी. १९४८ मध्ये सुरू झाल्यावर (पहिली गाडी १ जून रोजी पुणे ते अहमदनगर धावली) मे महिन्यात पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, घासलेटचा डबा आणि प्रायमस घेऊन घाट चढणारी कुटुंबे दिसू लागली. त्या सुट्ट्यांची वर्णने घरोघर ऐकायला मिळतात आणि बहुतेक पुरुषांच्या तोंडून मिळतात. बायकांना विचारले तर त्या सांगतात की घरची मोरी सोडून तिथली मोरी धुतली. विनोद जुना आहे, पण हवापालट कोणाचा झाला हा प्रश्न त्यात आहेच.

सॅनेटोरियमच्या दारावर आणखी एक अट असे, कधी लिहिलेली, कधी न लिहिलेली. ते ज्या समाजाच्या न्यासाचे, त्याच समाजाला खोली. देणाऱ्याने आपल्या लोकांसाठी द्यावे यात वावगे काय, असे कोणी विचारील. पण ज्यांच्या समाजात न्यास काढण्याइतका पैसा नव्हता त्यांनी कोठे उतरायचे? छप्पर दुसऱ्याचे आणि अन्न आपले ही जी रीत मी वर थोड्या कौतुकाने सांगितली, ती सर्वांना खुली कधीच नव्हती. कारण छप्पर आणि अन्न यांच्यामध्ये तिसरी गोष्ट आहे, पाणी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात १९०१ सालचा एक प्रवास आहे. वडील नोकरीनिमित्त परगावी होते. त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे बंधू आणि घरातली आणखी मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडीवान तयार झाला, पण या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने शेजारून चालावे. मुलांजवळ घरून दिलेले भरपूर खाणे होते. रात्री जकातनाक्याशी मुक्काम पडला. स्वतः मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळाले नाही. पाण्यावाचून घास उतरेना, आणि जवळ भरले डबे असताना मुले उपाशी निजली. शिधा बांधून नेण्याच्या आपल्या सगळ्या परंपरेविषयी विचार करताना मला हे डबे विसरता येत नाहीत. पुढे परदेशातील शिक्षण घेऊन १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. भाडे ते रोज देत होते. पैसे देऊनही छप्पर मिळत नाही हे ज्याने अनुभवले, त्याला भाडे ही केवळ आर्थिक बाब आहे असे सांगता येणार नाही.

आणि हे सारे संपले म्हणावे तर तसेही नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही चार प्राध्यापक कुटुंबांसह सह्याद्रीतल्या एका गावात स्वयंपाकघरासह घर घेणार होतो. मालक फोनवर फार अगत्याने बोलत होते. ओट्यावर किती शेगड्या, पिण्याचे पाणी कोठून, सगळे सांगून झाले. शेवटी त्यांनी आडनावे विचारली. मी चार आडनावे सांगितली. मग क्षणभर थांबून, 'आमच्या स्वयंपाकघरात काही गोष्टी चालत नाहीत, तुम्ही समजून घ्याल' असे म्हणाले. आमच्यापैकी एकाने घर नको म्हणून सांगितले आणि आम्ही चौघे हॉटेलात उतरलो. हॉटेलात आडनाव नोंदवहीत लिहावे लागते, पण त्याने चूल बाटत नाही; तेथे चूलच आपली नसते. स्वतः रांधण्याचे घर देताना मालकाच्या मनात अजून काय जागे होते, ते त्या एका विरामात मला समजले.

आता परत बालाघाटाकडे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. मुंबईच्या गव्हर्नराचा उन्हाळा इकडे कधी आलाच नाही. शिवाय हा डोंगर थंड हवेचा नव्हे. पर्जन्यछायेतला मुलूख, वर्षाकाठी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. उन्हाळ्यात माथ्यावरचा दगडही तापतो. येथे बंगले झाले नाहीत, म्हणून सीझन नाही, म्हणून भाडे नाही. तालुक्याच्या गावी शिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून यांच्यासाठी खोल्या असतात. वस्तीवर जो येतो तो पाहुणा असतो, आणि पाहुण्याकडून पैसे घेणे म्हणजे घराला बट्टा. त्यात हैदराबाद राज्याचा १९५० चा कूळ कायदा आला. कायदा शेतजमिनीचा, पण 'राहील तो मालक होईल' ही धास्ती जमिनीवरून घरापर्यंत पसरली, आणि ती तिसऱ्या पिढीतही गेलेली नाही. रिकामे घर पडू देतील, परक्याला कुलूप काढून देणार नाहीत.

मग घरे रिकामी का? याचे उत्तर बीडच्या माणसाला सांगावे लागत नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या पाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. ऊस बागायती मुलखात होता. तोडायला लागणारे हात कोरडवाहू डोंगरात होते. १९७२ च्या दुष्काळाने ते हात आणखी मोकळे केले. तेव्हापासून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, आणि टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमधून खाली उतरतात. परत येतात त्या पाडव्याच्या आगेमागे. पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि मागे ठेवता आली तर मुले. बाकी कुलपे.

या टोळीचे सामान कोणी पाहिले आहे? बाजरी-ज्वारीची पोती, तवा, परात, हंडे, गोधड्या, कोंबडीची पिले, एखादी शेळी. कारखान्याच्या हद्दीत माळावर जागा दाखविली जाते. उसाच्या पाचटाची आणि प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी उभी राहते, तिच्यासमोर चूल. अन्न आपले, आणि येथे छप्परही आपलेच, पाठीवरून आणलेले; दुसऱ्याची असते ती फक्त जमीन. पहाटे अंधारात भाकरी थापून बाई फडात जाते. आजारपणाने एक दिवस बुडाला तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात, आणि या धाकाचा शेवट कोठवर जातो ते २०१९ मध्ये जगाने वाचले: बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण तेव्हा वृत्तपत्रांतून उघड झाले आणि शासनाला चौकशी करावी लागली. त्याच वर्षांच्या आसपास ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळाची घोषणा झाली; २०२१ मध्ये त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली, आणि तिला नाव मिळाले ते संत भगवानबाबांचे. नारायणगडावर घडलेल्या साधूचे नाव अशा मुलांच्या छपराला मिळावे, हे मला योग्य वाटते. छप्पर प्रत्येक मुलाच्या डोक्यावर आले तर अधिक योग्य वाटेल.

महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. शेतकऱ्याने शहरी पाहुण्याला राहायला जागा द्यावी, त्यातून त्याला जोडधंदा मिळावा, हा त्यामागचा विचार. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकदोघे उत्साहाने विचारतात की बालाघाटात हे का होऊ नये. गड आहेत, रस्ते झाले आहेत, घरे तर रिकामीच आहेत. मी त्यांना नाउमेद करीत नाही. पण जोडधंद्याला घरी माणूस लागतो. पर्यटकाचा हंगाम हिवाळ्याचा, आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरमालक दुसऱ्याच्या माळावर कोपीत असतो. घराचे भाडे त्याच्या उचलीइतके झाले तर तो थांबेल. हा हिशेब अजून कोणी मांडून दाखविलेला मला आढळला नाही.

असो. मित्राचे काय झाले ते सांगतो. माझ्या भावकीतले एक घर गडापासून फार दूर नाही. त्याची किल्ली शेजारच्या आजींजवळ असते. घरधनी दोघे सांगली भागात तोडीवर होते. त्यांना फोन लावला. भाड्याचे नाव काढताच तो संकोचला. "दादा, तुमचे पाहुणे ते आमचे पाहुणे, पैशाचं काय बोलता," म्हणाला. बायकोने मागून काहीतरी सांगितले असावे, कारण मग म्हणाला, "लाइटबिल थकलंय तेवढं बघा."

आजींना कल्पना द्यायला मी स्वतः गेलो. पुण्याहून नवरा-बायको आणि दोन मुले येतील, आठ दिवस राहतील, पीठमीठ आणि भांडी त्यांची तेच आणतील, रांधतीलही तेच, असे सांगितले. आजींनी सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, "मुकादम कोण हाय त्यांचा?"

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. आपला गाव सोडून, लेकरे घेऊन, शिधा-भांडी पाठीवर टाकून परमुलखात राहायला माणूस आपखुशीने जातो, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला, आणि पटले असे वाटत नाही. डिसेंबरात मित्र आला. आठाऐवजी पाच दिवस राहिला, कारण नळाला पाणी चौथ्या दिवसाआड येते हे मी सांगायला विसरलो होतो. आजींनी आपल्या रांजणातले पाणी रोज दोन हंडे त्यांना दिले. निघताना मित्राने आजींच्या हातात पैसे ठेवले, त्यांनी ते मोजले नाहीत. देव्हाऱ्यात नारायणगडाचा अंगारा होता, त्याच्या पुडीखाली ठेवले. विजेचे थकलेले बिल भरल्याची पावती मी कुलूप लावताना दाराच्या फटीतून आत सारली.